लोणंद, नीरा नदी आणि चवदार तळ्याचा दावा

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी नीरा स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात नदीच्या पुलावर येते. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. पुढचे स्टेशन लोणंद. खंडाळा तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. बाजार समितीच्या आवारात शिरले की कांद्याचे ढीग, हमालांची धावपळ आणि ढिगाशी बसून निवडणाऱ्या आयाबाया दिसतात. गावाबाहेर औद्योगिक वसाहत आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी येथे मुक्कामाला येते. त्याआधी नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालतात. आमचा त्या सोहळ्याशी धार्मिक संबंध नाही. परंतु ती नदी आमचीही आहे.

हा लोहमार्ग आम्हाला आणखी एका कारणाने जवळचा. १९०१ साली बालवयातील बाबासाहेब, त्यांचे बंधू व भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघाले. ते याच मार्गावरच्या मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच कोणी गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर. जवळ भाकरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे.

या खेपेला आम्ही चार कार्यकर्ते लोणंदला उतरलो ते नदीखोऱ्यातील एका बौद्धवस्तीचे बोलावणे होते म्हणून. वस्तीचे नाव येथे देत नाही आणि ज्या कारखान्याकडे लोक बोट दाखवतात त्याचेही नाही, कारण प्रकरण अजून अर्जाच्या पातळीवर आहे. वस्ती नेहमीप्रमाणे गावाच्या खालच्या अंगाला. ओढ्याकाठी विहीर. पोहरा वर काढला तर पाण्याला वास. विहारात बैठक बसली तेव्हा एक आजी म्हणाल्या, “वरच्या आळीनं नळ घेतलं, बाबा. विहीर तेवढी आमच्याकडं राहिली.”

नीरेचे दुखणे सरकारदप्तरी नोंदलेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते आणि सर्वांत वाईट अशा पहिल्या वर्गात आपली नीरा होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने वर्तमानपत्रातील बातमीवरून त्याची आपणहून दखल घेतली आणि राज्यांकडून सुधारणेचे आराखडे मागवले.

बैठकीत एका तरुणाने विचारले, कोर्टात जाऊन आपल्याला कधी पाणी मिळाले आहे काय? प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी आम्ही महाडला गेलो, अर्थात बोलण्यातून. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले हे लहान पोरालाही ठाऊक असते. पुढचा दहा वर्षांचा दावा मात्र फारसा कोणी सांगत नाही. १२ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्यांनी महाडच्या कोर्टात दावा गुदरला की तळे खाजगी आहे व अस्पृश्यांना मनाईची वहिवाट आहे. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. बाबासाहेबांनी तो मानला, त्या डिसेंबरात तळ्यावर जाणे तहकूब केले आणि २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठली. १९३१ साली दिवाणी कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला, १९३३ साली ठाण्याला अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचे शिक्कामोर्तब केले: तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. एवढे दिवस तारखांना हजर राहणे, कागद सांभाळणे हेही सत्याग्रहाइतकेच कष्टाचे काम होते. कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते अधिक कळते.

पाणी शिवण्याचा हक्क तेव्हा मिळाला. स्वच्छ पाण्याचा हक्क पुढच्या निकालांनी दिला. १९८० साली रतलाम नगरपालिकेने गटारांसाठी पैसा नाही अशी सबब सांगितली, ती न्या. कृष्ण अय्यर यांनी धुडकावली. १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही कलम १४ व २१ मध्ये मानला गेला. अवकाळी पावसाने कांदा सडतो तेव्हा निवडणाऱ्या बाईचा रोज बुडतो. तिला या निकालाची बातमी अजून कोणी दिलेली नाही.

हक्क आहे, पण मुदतही आहे. हरित न्यायाधिकरणाकडे तक्रार, कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत गेली पाहिजे. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ती माफ. वकिलाची भीती नको: विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातींना व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. धर्मांतरित बौद्धांची अनुसूचित जातीची मान्यता १९९० पासून केंद्रातही आहे, तेव्हा दाखला काढून ठेवावा. पाण्याची बाटली आपण भरून नेली तर पुराव्याला फारशी किंमत येत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेऊन सीलबंद केलेला नमुना लागतो. म्हणून पहिला अर्ज मंडळाच्या सातारा कार्यालयाला, त्याची प्रत प्रांतांना. तपासणी अहवाल दिला नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. आणि प्रत्येक अर्जाची आवक शिक्क्याची पोच, ती हातात पडल्याशिवाय टेबलासमोरून हलायचे नाही.

अर्ज तेथेच लिहिला. पहिली सही कोणाची यावर बराच वेळ गेला. पुरुष मंडळींपैकी दोघे त्याच कारखान्यात रोजंदारीवर होते; त्यांनी माना खाली घातल्या आणि आम्हीही आग्रह धरला नाही. शेवटी आजींनी अंगठा पुढे केला. शाईची डबी शाळकरी नातवाने आणली. त्यानंतर अकरा बायांच्या सह्या झाल्या. विहिरीला वास प्रथम कधी आला ती तारीख कोणाला नेमकी आठवेना. मग शेजारच्या मुलीच्या लग्नात टँकर मागवावा लागला होता हे एकीला आठवले आणि लग्नपत्रिका शोधायला माणूस धाडला.