न दिसणारी तबकडी

यंत्र बिघडलें म्हणजे मनुष्य प्रथम यंत्रास दोष देतो, मग घरांतील माणसांस, आणि अगदीं शेवटीं वायरीस हात लावून पाहतो. आम्हीहि याच क्रमानें गेलों.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या संगणकानें आपल्याच पोटांतील दुसरी हार्डडिस्क ओळखण्याचें साफ नाकारलें. पहिलीवर यंत्र सुखानें चाले. पण जिच्यांत आमचें सारें संचित, ती पडद्यावरून नाहींशी झाली. व्याख्यानांच्या टिपणांचें आम्हांस फारसें दुःख नव्हतें, आमच्या विद्यार्थ्यांस तर तें मुळींच झालें नसतें. पण तींत आमच्या आईचा आवाज होता. १९४८ सालीं, रझाकारांच्या धामधुमींत, बारा वर्षांची ती मुलगी भावंडांसह रातोरात गांव सोडून कशी चालत गेली, तें तिनें २०११ सालीं अकरा संध्याकाळीं आम्हांस सांगितलें, व आम्हीं तें ध्वनिमुद्रित केलें. दोन वर्षांनीं ती गेली. दुसरी प्रत नव्हती.

१९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिली हार्डडिस्क काढली, तींत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सारीं मिळून ५० लाख अक्षरें मावत. आमची तबकडी तळहाताएवढी. ती मिनिटास ७२०० फेरे घेते, आणि वाचणारें टोंक तिला न टेकतां, केंसाच्या जाडीच्या हजारांशाहूनहि कमी अंतरावर, तिच्यावर तरंगतें. अशा नाजूक वस्तूवर आम्हीं आई ठेविली होती!

संभाजीनगरांत पैठण गेटजवळ आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें दुकान आहे. त्यानें आधीं कान लावला. "सर, टक् टक् असा आवाज येत होता का?" आम्ही म्हणालों, नुसती गुणगुण. "मग बरें. टक् टक् असती तर मी वीजच लावली नसती."

विंडोज सुरू होण्यापूर्वींची, यंत्राची स्वतःची एक यादी असते. तींतहि डिस्क नव्हती. म्हणजे दोष विंडोजचा नव्हे, त्याच्या खालचा. आम्हांस आपली पाणचक्की आठवली. तिचें चाक थांबलें तर झरा आटला असें कोणी धरून चालत नाहीं. डोंगराकडून मातीच्या नळांनीं पाणी येतें, तो नळ कोठें फुटला तें आधीं पाहावयाचें. वीज पोंचत होती, गुणगुण त्याची साक्ष. उरली माहिती वाहणारी चपटी लाल वायर. त्यानें ती बदलली, मदरबोर्डावरील खांचहि बदलली. आणि यादींत नांव उमटलें.

आमचा हर्ष फार टिकला नाहीं. विंडोजनें विचारलें, ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावयाची काय? आमचें बोट होकाराकडे गेलेंच होतें. "सर, थांबा! हात लावूं नका!" इतक्या तीव्र स्वरानें आमच्याशीं कोणी विद्यार्थी आजवर बोलला नव्हता.

सैल वायरीमुळें लिहितां लिहितां अनुक्रमणिका बिघडली असावी, मजकूर जागेवरच असावा, असें त्याचें अनुमान. मूळ डिस्कवर कांहींहि न लिहितां त्यानें प्रथम तिची जशीच्या तशी नक्कल दुसरीवर उतरविली. त्यास रात्र लागली. मग सारी शोधाशोध नकलेवर. मूळ पोथीवर लेखणी चालवूं नये, हें आम्ही पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों!

अकरांपैकीं दहा ध्वनिफिती मिळाल्या. सातवी, नदी ओलांडल्याची, मिळाली नाहीं. तबकडीचा तेवढा भाग वाचलाच गेला नाहीं.

जालन्यास धाकट्या बहिणीकडे प्रत पाठविली, तेव्हां तिनें फोनवर विचारलें, "दादा, सातवी कुठें आहे?" आम्हांस आठवत होतें तेवढें आम्हीं सांगितलें. ती म्हणाली, "छे रे, आई असें सांगत नसे. होडी नव्हतीच. दोर होता." आतां दर रविवारीं आम्ही दोघें ती संध्याकाळ जुळवीत बसतों, दोराच्या पलीकडच्या टोंकाला कोण उभें होतें, याबद्दल अजून मतभेद आहे.