ताडपत्रांची वाट

आमच्या बसवकल्याणात धुकं पडतं ते काळ्या रानावर. तुरी निघालेल्या असतात, अडवायला झाड नसतं; ऊन चढलं की तासाभरात सगळं मोकळं. उळवीच्या जंगलातलं धुकं उन्हाला दाद देत नाही. माघी पौर्णिमेच्या जत्रेसाठी जोयडा तालुक्यातल्या त्या वाटेला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, तरी माझ्यासोबत आलेल्या, चार पावलं पुढे चाललेल्या आक्का दिसत नव्हत्या. बांबूच्या बेटांतून पाणी ठिबकत होतं. धनेश डोक्यावरून गेला, तोही दिसला नाही. लोहाराचा भाता ओढावा तसा पंखांचा आवाज तेवढा आला.

बाराव्या शतकात आमच्याच गावचे शिवभक्त शरण याच रानात शिरले. त्यांच्यातला हरळय्या चर्मकार, मधुवरस ब्राह्मण. त्यांच्या मुलामुलीचं लग्न झालं म्हणून बिज्जळाच्या राज्यात दोन्ही व्याह्यांना ठार मारलं आणि आमचं कल्याण पेटलं. 1167 च्या सुमाराची ही गोष्ट. परंपरा सांगते, चन्नबसवण्णा उरलेल्यांना घेऊन उळवीला आले, तेव्हा शरणांनी रचलेल्या वचनांची ताडपत्रं त्यांच्यासोबत होती. त्यांची समाधी इथेच आहे.

लहानपणापासून ऐकलेली ही कथा. त्यात मला लढाया दिसायच्या, ओल कधीच दिसली नव्हती. ताडपत्रावर अक्षर लोखंडी लेखणीने कोरतात, मग तेलात कालवलेली काजळी चोळतात. रेघेत काळं बसतं, वरचं पुसून टाकतात. भोकातून दोरी ओवून दोन फळ्यांमध्ये पानं बांधली की झाली पोथी. पण तिला दमट हवा लागली की बुरशी धरते, कसर लागते. माझ्या पिशवीतल्या भाकरीचं फडकं तासाभरात ओलं झालं होतं. ते चाचपताना पहिल्यांदा जाणवलं, की कोरड्या मुलखातल्या या माणसांनी तलवारींइतकीच या पाण्याशीही झुंज दिली असणार. कुणी पोथी छातीशी धरली असेल, कुणी चुलीच्या धुरावर टांगली असेल. मठामठांत, घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या नकला होत राहिल्या, म्हणून फ. गु. हळकट्टींना त्या गोळा करता आल्या आणि 1923 मध्ये ‘वचनशास्त्रसार’ छापता आलं. कल्याणच्या किल्ल्यापेक्षा मला हे काम मोठं वाटतं. किल्ल्याला निदान दगडांचा आधार होता.

“आक्का, दमलात का?”

“चल रे बाबा. ते लेकरं घेऊन चालले होते.”

मागून घुंगरं वाजली. धारवाडकडची सजवलेली बैलगाडी धुक्यातून पुढे आली. “याव ऊरु?” गाडीवानाने विचारलं. कल्याण म्हणताच त्याने कासरा ओढला, खाली उतरून आक्कांच्या पायांना हात लावला, “शरणु” म्हणाला आणि त्यांना गाडीत बसवलं. मग स्वतः माझ्याबरोबर पायी चालत एकेक विचारू लागला: हरळय्यांची गुहा पाहता येते का, अनुभव मंटपाचं बांधकाम कुठवर आलं, त्रिपुरांतकाच्या तळ्याला यंदा पाणी आहे का.