राणीचे कुतूहल, राजाचे गाऱ्हाणे

मे महिना सरत आला की पावसच्या आमच्या घरात अढीतल्या शेवटच्या आंब्यांचा वास आणि दुपारचा निवांतपणा एवढेच उरते. अशाच दुपारी आम्ही दोघींनी एकीमागून एक एस. जे. बेनेट यांची ‘द विंडसर नॉट’ (२०२०) ही कादंबरी वाचली. विंडसरच्या किल्ल्यात मेजवानीच्या रात्रीनंतर एक तरुण रशियन पियानोवादक मृतावस्थेत सापडतो. नव्वदीला टेकलेल्या राणी एलिझाबेथ आपल्या सचिवालयातील रोझी ओशोडी हिच्या साहाय्याने स्वतःच उलगडा करतात, आणि श्रेय मात्र हलकेच इतरांच्या पदरात टाकतात. रक्तपाताचे वर्णन नाही, भय नाही. चहा, कुत्री, शिष्टाचार आणि एका वृद्ध स्त्रीची तल्लख नजर. आम्हांला पुस्तक मनापासून आवडले, हे आधीच कबूल करतो.

सुट्टीनंतर वर्गात रहस्यकथेविषयी बोलताना आम्ही या राणीचे कौतुक केले. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, आपल्या थिबा राजाला अशी चौकशी करता आली असती का?” वर्ग हसला. आम्हांला हसता आले नाही.

कारण थिबापाशी खरोखरच एक रहस्य होते. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, तेव्हा ‘न्गा मौक’ नावाचे राजघराण्याचे मोठे माणिक कर्नल स्लेडन यांनी सांभाळण्यासाठी म्हणून नेले आणि परत केले नाही, असे थिबाचे म्हणणे होते. रत्नागिरीहून त्याने त्यासाठी सरकारकडे अर्ज केले. माणिक मिळाले नाही. त्याचे काय झाले याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. मौल्यवान रत्न, संशयित, फिर्यादी राजा : रहस्यकथेला आणखी काय लागते? लागते ते एकच, तपास करणाऱ्याला उघडणारी दारे. १८८६ साली रत्नागिरीस आणलेला हा राजा १९१६ साली येथेच वारला. तीस वर्षे तो पहाऱ्यात होता. पाळत ठेवण्याचा अधिकार दुसऱ्यांचा होता.

पीटर लव्हसी यांच्या ‘बर्टी अँड द टिनमॅन’ (१९८७) मध्ये व्हिक्टोरिया राणीचे थोरले चिरंजीव फ्रेड आर्चर या जॉकीच्या मृत्यूचा छडा लावू पाहतात. आर्चरचा मृत्यूही १८८६ मधलाच. एका राजपुत्राला कादंबरीत हौसेखातर कोणालाही प्रश्न विचारता येतात. त्याच साली त्याच्या आईच्या साम्राज्यातला एक बंदी राजा स्वतःच्याच वस्तूविषयी अर्ज लिहू लागतो.

राजघराण्यातील हौशी शोधक आपल्याला सुखावतो, कारण त्याची सत्ता तेथे केवळ कुतूहलाच्या रूपात वावरते. ती निरुपद्रवी वाटते. पण कोणालाही बोलावून घेता येणे, कोठेही जाता येणे, हीच त्या कुतूहलाची पूर्वअट असते. आम्ही दोघी वर्षानुवर्षे वाङ्मय शिकवीत आहोत, भाट्याचा पूल ओलांडून रोज रत्नागिरीत जात आहोत. १९१० साली बांधून झालेला तो राजवाडा शहरातच आहे. तरीही हा विचार आम्हांला एका विद्यार्थिनीने सुचवावा, याचा संकोच वाटतो.

बेनेटबाईंचे पुढचे पुस्तक आम्ही मागविले आहेच. मात्र या सत्रात वर्गाला प्रथम थिबा राजवाड्यात नेणार आहोत. प्रश्न विचारणारीलाच तेथे बोलायला सांगितले आहे.