वरची वाट

मुर्डीहून निघून पुन्हा मुर्डीतच आणून सोडणारी एक वाट आहे. आधी जोग नदीच्या खाजणाच्या कडेने जायचं, मग पाखाडी चढून कड्यावरच्या गणपतीला, तिथून सडा ओलांडून पाडल्याच्या अंगाला उतरायचं. आड्याच्या खाडीचं तोंड दिसलं की वळायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवत आंजर्ल्याच्या पुळणीवर यायचं आणि आगरांमधून घरी. सकाळी न्याहारी करून निघालं तर उशिराच्या जेवणापर्यंत माणूस परत येतो. ही वाट कुठल्या कागदावर नाही. तिचा एक तुकडा देवस्थानाचा, एक गुरांच्या पायांनी पडलेला, काही कुणाच्या कलमांच्या बागेतला आणि उरलेली सगळी लोकांच्या आगरांमधली. चालणाऱ्याला कोणी अडवत नव्हतं, म्हणून ती वाट होती.

कड्यावर आता गाड्या जातात. तिथून सुवर्णदुर्ग कसा दिसतो, हे सांगणारे पुष्कळ आहेत. देव आधी खाली किनाऱ्यावर होता, समुद्र आत आला तेव्हा वर गेला, ही कथाही देवळात ऐकायला मिळते. पाडल्याकडच्या उतारावर ऐन, किंजळ, अंजनी अजून दाट आहेत, मधला पऱ्या मार्गशीर्षातही वाहतो, आणि एवढ्या रानातून चालताना समुद्राचा आवाज सोबत असतो, ही त्या उताराची खरी श्रीमंती. तरीही माझा जीव अडकलेला आहे तो शेवटच्या तुकड्यात, पुळणीवरचे सुरू ओलांडल्यावर लागणाऱ्या आगरांत.

श्री. ना. पेंडशांचं गाव म्हणून वाचणाऱ्यांना मुर्डी माहीत असते. मला ती दाजींमुळे माहीत आहे. दाजी पोफळी उतरवायचे. पायांत दोरीचा फास, कमरेला कोयती, अंगात काही नाही. सुपारीच्या दिवसांत ते सकाळी एका पोफळीवर चढले की दुपारपर्यंत जमिनीला पाय लावत नसत. घोस उतरवून झाले की झाडाच्या शेंड्याशी अंग मागेपुढे झोकायचे, पोफळ वाकायची आणि वाकलेल्या झाडावरून हात लांबवून ते पुढची पकडायचे. सोडलेलं झाड सपकन सरळ व्हायचं. पन्नास फुटांवर चाललेला हा प्रवास मी खालून मान वर करून बघत असे.

एकदा, कार्तिक संपत आला असताना, त्यांनी वरून हाक मारली, "तू खालून ये, मी वरून येतो." आणि आम्ही दोघे निघालो. मी बेडं काढून पलीकडच्या आगरात शिरलो, बेडं पुन्हा लावलं, पाटावरून उडी मारली, पुढचा गडगा चढलो. माझ्या डोक्यावरून दाजी त्याच दिशेने येत होते. गडग्याच्या अलीकडची पोफळ एकाची, पलीकडची दुसऱ्याची, शेंडे मात्र एकमेकांत गेलेले. वरच्या वाटेला बेडं नव्हतं. घोस ज्याच्या त्याच्या आवारात पडायचे, त्यात कधी वाद झालेला मी ऐकला नाही. खाली इतकी सावली की दुपारचे बारा वाजले तरी पायाखालची माती गार, रहाटाचा आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं, जायफळाच्या फुटलेल्या फळांचा वास. मधेच दाजी थांबले आणि वरून म्हणाले, "हितून समुद्र दिसतो. तुला नाय दिसणार." त्यांच्या बोलण्यात बढाई नव्हती, उलट वाईट वाटल्यासारखं ते म्हणाले. मला शेंड्यावर नेता येत नाही याचं त्यांना वाईट वाटलं, असं मी आजही धरून चाललो आहे. माझ्या लहानपणी माझ्यासाठी इतकं वाईट वाटून घेणारी माणसं फार नव्हती.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या किनाऱ्यावरची आगरं एका दुपारीत आडवी झाली. पोफळी एकमेकींच्या आडोशाने वाढतात. पुढची रांग गेली की मागचीला वारा थेट लागतो. मदत ठरली ती फळबागेला हेक्टरी 50 हजार रुपये. इथे हेक्टराचं आगर किती जणांचं? दहा गुंठेवाल्याच्या वाट्याला या हिशेबाने सुमारे पाच हजार येतात. तेवढ्यात पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही निघत नाही, आणि नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. मदत झाडागणिक द्या, असं लोक पोटतिडकीने सांगत होते. बरोबरच होतं त्यांचं. पण झाड मोजलं तरी सावलीचं काय? जायफळ आणि मिरवेल त्या सावलीत वाढत होत्या. दाजींची वाटही त्या शेंड्यांवरूनच होती. हे सगळं ते बघायला राहिले नाहीत, ते आधीच गेले.

आमचं, म्हणजे आईच्या माहेरचं, आगर मात्र वादळाने नेलं नाही. ते त्याआधीच गेलं होतं. मामाने एक माणूस मुंबईला आईकडे पाठवला, आईने त्याला चहा दिला आणि तो दाखवेल तिथे सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. भावाने मागितलं म्हणून तिने वाचलंही नाही. पुढे आगर विकलं गेलं. घेणाऱ्याने गडगा काढून चिऱ्यांची उंच भिंत घातली, बेड्याच्या जागी लोखंडी फाटक आलं आणि त्याला कुलूप. आईचा नाही तर निदान पायवाटेचा तरी विचार मामाने करायला हवा होता. वहिवाट कागदावर नसते म्हणून ती नसतेच, असं कसं?

गेल्या मार्गशीर्षात मी ही वाट पुन्हा चाललो. खाजणापासून पुळणीपर्यंत तिने मला काहीही कमी दिलं नाही. सुरूंच्या पुढे पहिल्या आगरात ऊन होतं. वादळानंतर लावलेल्या पोफळी माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत, त्यांच्यामध्ये तात्पुरत्या सावलीला केळी लावल्यात. शिंपणं करणाऱ्या वहिनींना विचारलं, इथून जाऊ का? "जावा की. विचारताय काय?" म्हणाल्या. दोन आगरं अशी ओलांडली. मग भिंत आली आणि मला डांबरी रस्त्याला लागावं लागलं. भिंतीच्या कडेकडेने चालत गेलो, आत बघत.

रात्री आईला फोन केला. तिने आधी जेवणाचं विचारलं, मग विहिरीजवळच्या जायफळांचं. दोन आहेत, चांगली आहेत, म्हटलं.

"आतून बघितलीस का बाहेरून?"

"बाहेरून."

"मग तिसरं दिसायचं नाही. ते रहाटाच्या मागे आहे."