घरघर कुठून येते

कुरुळीतल्या आमच्या खोलीत गिटार पेडलांमधून अँपला जोडली, की मी तारेला हात लावायच्या आधीच एक स्वर सुरू व्हायचा. जी. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येतो तो. त्याची कंपनं सेकंदाला ९८. भिंतीतली वीज ५० हर्ट्झची, पण पेडलांच्या अडॅप्टरमधल्या डायोडांनी तिची खालची अर्धी लाट वर उलटवली की पन्नासाचे शंभर होतात. मी जी धरला की शंभर आणि अठ्ठ्याण्णव एकमेकांना घासायचे आणि सेकंदाला दोन हेलकावे यायचे. कोणीतरी तानपुरा जरासा चढा लावून निघून गेल्यासारखं.

त्या घरघरीला मी वर्षभर अँपचा दोष समजत होतो. दिवसा चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये मेंटेनन्सला आणि गणपती-लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटारला, असा माझा दुहेरी संसार. कारखान्यात कुठलं पॅनेल बिघडलं तर मी सगळ्यात आधी सप्लाय मोजतो. घरी मात्र ते सुचलं नाही. आम्हा गिटारवाल्यांची जातच अशी: पेडलला हजारो रुपये घालायचे आणि त्याला वीज द्यायची बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या अडॅप्टरची. तीन ते बारा व्होल्टचा सरकता खटका असलेला, दोन्ही बाजूंनी पिन उलटी लावता येणारा. खटका नऊवर ठेवून मीटर लावलं तर रिकाम्यात बारा-तेरा व्होल्ट दिसायचे. आत रेग्युलेटर नव्हताच. ट्रान्स्फॉर्मर, चार डायोड आणि एक केविलवाणा कपॅसिटर. जी तिथून येत होता.

हे कळलं ते नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीमुळे. गिटारवाल्याच्या पिशवीत ती एक असावीच, वाजवायला नव्हे, साक्षीला. पेडल अडॅप्टरवर घरघरतं आणि बॅटरीवर गप्प बसतं, म्हणजे दोष विजेचा. बॅटरीवरही घरघरतं, तर गिटार हातात घेऊन जागच्या जागी गोल फिरायचं. आवाज कमी-जास्त झाला तर सिंगल कॉइल पिकअप ट्यूबलाइटच्या चोकचं नाहीतर शेजारच्या वेल्डिंगचं ऐकतो आहे. त्यावर कितीही महाग पॉवर सप्लाय घेतला तरी काही होणार नाही. या दोन मिनिटांनी माझे बरेच पैसे वाचले आहेत. पेडलची बॅटरी इनपुटच्या जॅकमधूनच चालू होते, तेव्हा परीक्षा झाली की केबल काढून ठेवायची. नाहीतर सकाळी साक्षीदार मेलेला.

व्होल्ट आणि पिन या बाबतीत मात्र मी पैसे घालवलेच. एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, अडॅप्टर सापडेना म्हणून मी सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा अडॅप्टर डिले पेडलला लावला. पिन अगदी चपखल बसली. तो होता बारा व्होल्टचा, आणि त्याचा पॉझिटिव्ह मधल्या पिनेवर. पेडलला लागतो नऊ, आणि मध्ये निगेटिव्ह. ‘टिक’ असा आवाजही आला नाही, नुसता जळका वास. पेडलवाल्यांनी जगाच्या उलट मध्ये निगेटिव्ह का घेतला याचं कारण जॅक उघडल्यावर दिसतं. बॅटरी तोडणारी पट्टी जॅकच्या बाहेरच्या कड्याला असते. पॉझिटिव्ह तिकडे दिला की अडॅप्टर लावताच बॅटरीचा पॉझिटिव्ह सुटतो आणि निगेटिव्ह सगळ्यांचा सामाईक राहतो. १९७० च्या दशकात बॉसच्या पेडलांनी हे रूढ केलं आणि बाकीचे मागे गेले. पण १९६० च्या दशकातल्या फझची जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाली नक्कल घेतली, तर तिथे बहुतेकदा पुन्हा उलटं असतं. म्हणून पेडलच्या अंगावरचं ते गोल-टिंब-गोलाचं चिन्ह वाचल्याशिवाय पिन घालायची नाही.

अँपिअरचं भय मात्र उगाच असतं. पाचशे मिलिअँपचा सप्लाय दहा मिलिअँपच्या पेडलला जाळत नाही. पेडल लागेल तेवढंच ओढतं, आपण हंड्यातून तांब्याने घेतो तसं. व्होल्ट जुळले पाहिजेत, मिलिअँप पुरून उरले पाहिजेत, एवढंच. साधं ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलिअँपवर भागतं. डिजिटल डिलेला पन्नास-साठ लागतात, आणि मोठ्या डिजिटल रिव्हर्बला अडीचशे-तीनशे. मी पेडल विकत घेण्याआधी हा आकडा बघतो, रंग नंतर.

खरी गोम आहे ती निगेटिव्ह सामाईक असण्यात. एका अडॅप्टरवरून पाच फाट्यांची वायर काढून सगळी पेडलं माळेत ओवली, की जुन्या ॲनालॉग पेडलांना काही वाटत नाही. त्यात एक डिजिटल आलं की त्याच्या आतलं घड्याळ सामाईक निगेटिव्हवर शिटी सोडतं, आणि पुढचं डिस्टॉर्शन ती शिटी शंभरपटीने मोठी करून देतं. कारखान्यात हे मी रोज पाहतो. मोटारीच्या ड्राइव्हची आणि पीएलसीची निगेटिव्ह एकाच ठिकाणी गुंतली, की सेन्सर भुताटकी झाल्यासारखे मधूनच चालू-बंद होतात. तिथे आम्ही पीएलसीला चोवीस व्होल्टचा एसएमपीएस वेगळा देतो आणि सेन्सरच्या केबलचं शील्ड एकाच टोकाला अर्थ करतो. पेडलांचा आयसोलेटेड सप्लाय म्हणजे हेच. प्रत्येक आउटपुटला ट्रान्स्फॉर्मरचं वेगळं वेटोळं, किंवा प्रत्येकाला वेगळा छोटा कन्व्हर्टर. प्रत्येक पेडलला स्वतःचा नळ, चाळीतला एक नव्हे.

दुकानात मात्र खोक्यावर लिहिलेल्या ‘आयसोलेटेड’वर माझा विश्वास नाही. मी मल्टीमीटर खिशात घेऊन जातो. सप्लायची वायर भिंतीतून काढायची, मीटर बीपवर ठेवायचं, एक टोक पहिल्या आउटपुटच्या मधल्या पिनेला, दुसरं टोक दुसऱ्या आउटपुटच्या मधल्या पिनेला. बीप वाजलं तर निगेटिव्ह आतून एकच आहे, खोकं काहीही म्हणो. दुकानदार नाराज होतो, होऊ दे. दुसरं, जुना अमेरिकन सप्लाय स्वस्तात मिळाला तर त्याच्या पोटावर लिहिलेलं वाचावं. आत नुसता ट्रान्स्फॉर्मर असेल आणि लिहिलं असेल १२०, तर आपल्या २३० वर तो एका रात्रीचा पाहुणा.

गेल्या लग्नसराईत शेजारच्या गल्लीतले बेंजोवाले मामा माझ्याकडे आले. बेंजो म्हणजे तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग. मूळचा जपानी, १९१२ साली नागोयात बनलेल्या ताइशोगोतोपासून आलेला. आपल्याकडे हळदी-वरातीत तो पिकअप लावून, गिटारच्या प्रोसेसरमधून डिस्टॉर्शन देऊन वाजतो, आणि माझ्या मते चाकणच्या रस्त्यावर त्याच्याइतकं रॉक आमच्या ऑर्केस्ट्रात कधीच झालं नाही.

“दादा, गाडीवर वाजवला की शिटी मारतो. घरी मारत नाही.”

गाडीवर जनरेटर होता. बासचा ठोका पडला की माळेतले दिवे मिचकायचे, म्हणजे व्होल्टेज बसत होतं. मामांचा प्रोसेसर आणि गायकाच्या माइकचं एको मशीन, दोन्ही एकाच अडॅप्टरवर फाटा काढून चालवलेली होती. मी त्यांना दोन वेगळे एसएमपीएस अडॅप्टर दिले, १०० ते २४० व्होल्टवर चालणारे. शिटी गेली.

“आणि ही पिन?” मी एक्स्टेंशन बोर्ड दाखवला. अर्थिंगची पिन कोणीतरी मुळापासून कापली होती.

“घरघर जाते ना त्याने.”

जाते खरी. दोन उपकरणं दोन ठिकाणांहून अर्थ झाली की मध्ये ५० हर्ट्झची घरघर फिरते, आणि पिन कापली की थांबते. पण मग अँपमध्ये फेज बॉडीला लागला तर परतीची वाट उरते वाजवणाऱ्याच्या अंगातून. एका हातात तारा आणि ओठ माइकला, असा मी एका मांडवात उभा होतो तेव्हा झिणझिणी आली होती. ती अजून आठवते. घरघर घालवायची असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणा. पिन तशीच ठेवा. मामांनी बोर्ड बदलला, माझ्यासमोर.

माझ्या पहिल्या गिटारपेक्षा महाग पडलेला सप्लाय आता बोर्डाखाली आहे. सहा आउटपुट, पाच पेडलं. सहाव्यावर काळी टेप लावली आहे. तिथे बारा व्होल्ट येतात.