वेटोळ्याची जागा

वाटणी झाली की माणसे विहिरीचे वार मोजतात, बांध मोजतात, कोणी कोणी तर पराती आणि घंगाळीही मोजतात. आमच्या आण्णांनी तार मोजली. राहुरीच्या आमच्या जुन्या वाड्यामागे दोन कडुलिंब आहेत. त्यांच्यामध्ये आण्णांच्या रेडिओची 40 मीटर लांबीची एरियल आडवी ताणलेली असे. वाटणीत ते परसू धाकट्याकडे गेले आणि आण्णांच्या वाट्याला गावाबाहेरचे एक नवे, अरुंद घर आले. त्याच्या गच्चीवर दोन्ही हात पसरून उभे राहिले, तर एक हात शेजाऱ्यांच्या कुरडयांत जावा! घरात सगळे म्हणत, "आण्णा परसासाठी रुसलेत." परसाचे त्यांना काही नव्हते. रुसवा होता तो त्या 40 मीटरांचा.

आण्णा माझे चुलतबंधू. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि रीतसर परीक्षा देऊन सरकारी परवाना काढलेले हौशी रेडिओवाले. जगभर अशांना 'हॅम' म्हणतात. खिशात फोन असताना हे खूळ कशाला, असे पुष्कळजण विचारतात. 1993 चा किल्लारीचा भूकंप, 2001 चा कच्छचा भूकंप, अशा वेळी या खूळवाल्यांनी निरोप पोचवले, हे त्याला एक उत्तर आहे. पण आण्णांचे कारण याहून साधे होते. वहिनी गेल्यापासून रात्री जेवणानंतर 80 मीटरच्या पट्ट्यावर चार आवाज भेटत, तेवढीच त्यांची बैठक.

आता अडचण काय, ते सांगतो. मी मॅट्रिक झालेला मराठीचा मास्तर. तेव्हा शास्त्र मला उमगले तेवढेच येथे येईल. 80 मीटरच्या लहरीसाठी उभी एरियल करायची, तर तिची उंची लहरीच्या पाव, म्हणजे 20 मीटर हवी. आण्णांच्या पुढच्या अंगणात बसू शकत होता तो 8 मीटरचा खांब. अशी आखूड एरियल प्रवाह नीट घेत नाही, आल्या पावली परतवून लावते. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, घातले की हा अडेलपणा मोडतो. ही युक्ती बिनतारी विद्येइतकीच जुनी आहे. प्रश्न एवढाच, की वेटोळे बसवायचे कुठे?

आण्णांनी प्रथम ते बुडाशी बसवले. तेथे हात पोचतो, वारा लागत नाही, जुळवाजुळव सोपी. रेडिओ सुरू झाला. चारही आवाज स्पष्ट आले. पण आण्णांनी दिलेली हाक मात्र कोणाला पोचेना! याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. या पट्ट्यावर आकाशातली खरखरच इतकी असते, की एरियल अधू असली तरी आवाज आणि खरखर सारख्याच घटतात आणि ऐकायला काही बिघडत नाही. बोलायला मात्र बिघडते. सत्तरीच्या माणसाला सगळ्यांचे ऐकू यावे आणि त्याचे कोणीच ऐकू नये, हे मला बघवेना.

उलगडा मात्र उसाने झाला. राहुरीच्या पोरालाही ठाऊक असते, की उसाची गोडी बुडख्याकडे. शेंड्याकडे ती उतरत जाते आणि वाढे गुरांपुढे टाकतात. उभ्या एरियलमधला प्रवाह अगदी तसाच असतो. बुडाशी भरपूर, टोकाला शून्य. बुडाशी वेटोळे ठेवले की सगळी गोडी त्या वेटोळ्यातच राहते आणि वर उरते ते वाढे. वेटोळे मध्यावर नेले तर त्याच्या खालचे चार मीटर जवळजवळ सारख्याच भरल्या प्रवाहाने वाहतात.

आण्णांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. खांबातून लहरी होऊन बाहेर पडणाऱ्या शक्तीचे माप बुडाच्या वेटोळ्याने साडेतीन ओहमांच्या आसपास, मध्याच्या वेटोळ्याने आठाच्या. फुकट काही मिळत नाही, बरे का! मध्यावर वेटोळ्याचा जोर दुप्पट लागतो; म्हणजे तार जास्त आणि तारेत जिरणारी शक्तीही जास्त. "मग थेट शेंड्यावरच का नको?" मी विचारले. "अरे मास्तर, वर काहीच उरलं नाही तर वेटोळं प्रवाह कुणाला देणार?" आण्णा म्हणाले. मध्य, किंवा मध्याच्या किंचित वर, हीच त्याची जागा.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जाड तार आणली. चार इंची प्लॅस्टिकच्या नळीवर 15 वेढे होते, त्यांचे 25 केले, आणि वेढे एकमेकांना चिकटू दिले नाहीत. टोकावर एका मोडक्या छत्रीच्या काड्या चक्रासारख्या पसरून बसवल्या. त्यांनी वरचा भाग जणू लांब झाला आणि दोन-तीन वेढे काढून टाकता आले. वाऱ्याने खांब डोलू लागला, म्हणून नायलॉनच्या दोऱ्यांचे ताण दिले. खांबाच्या बुडापासून कुंपणाच्या कडेने मिळेल तेवढी तार जमिनीत पुरली. आमची काळी माती ओल धरते. पण प्रवाहाला परतीची वाट हवीच, तिच्या भरवशावर राहून चालत नाही.

या खटाटोपात मला 1942 ची काँग्रेस रेडिओची आठवण येत असे. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलून बदलून 42.34 मीटरवर बोलत राहिले. त्या लहरीचा पाव भागही साडेदहा मीटर होतो. यंत्र एक वेळ पेटीत लपेल. तारेला मात्र आभाळ लागते.

धनत्रयोदशीच्या रात्री त्याच खांबाच्या ताणाला नातवंडांनी आकाशकंदील लटकवला होता. आण्णांनी हाक दिली. खरखरीतून बेळगावचे गृहस्थ म्हणाले, "अहो आण्णा, होतात कुठे इतके दिवस?"

"वाटणीत अडकलो होतो," आण्णा म्हणाले, आणि लगेच वेढ्यांचा हिशेब सांगू लागले. फराळाचे ताट गार झाले तरी त्यांचे सांगणे चालूच होते.