चित्रामागचा गळा

वेरूळच्या कैलास लेण्याचा भार पाठीवर पेलणारे दगडी हत्ती किती डौलदार आहेत! परंतु त्यांचा चीत्कार कोणाच्या कानी पडत नाही. कागदावरील चित्रांचेही तसेच. ती एकामागून एक भराभर दाखविली, की धावू लागतात. बोलण्यासाठी मात्र त्यांना माणसाचा गळा उसना घ्यावा लागतो. म्हणून कार्टूनपटांत बहुधा आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि त्याबरहुकूम चित्रातील ओठ हालवितात.

१९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने ‘एक अनेक और एकता’ हा असाच सातेक मिनिटांचा चित्रपट काढला. पारध्याच्या जाळ्यासकट उडालेले पक्षी आणि ते जाळे कुरतडणारे उंदीर यांची जुनी गोष्ट त्यात आहे. निर्मिती विजया मुळे यांची, दिग्दर्शन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. आणि गाणारी? कोकणातील दाभोळला जन्मलेली, जेमतेम पाच वर्षांची साधना घाणेकर! आई नीलाताई संगीत शिकवीत. त्यामुळे सूर तिला घरातच भेटले.

पुढे दूरदर्शनने हा चित्रपट घरोघर पोचविला. त्यातील ताई मुलांच्या ओळखीची झाली. गाणारी चिमुरडी मात्र पडद्यावर कोठेच नव्हती. गळा दिसत नाही हे खरे, पण नावही ठाऊक नसावे, हा थोडा अन्यायच.

तीच मुलगी साधना सरगम या नावाने पार्श्वगायिका झाली. तेथेही गाणे त्यांचे, ओठ दुसऱ्याचे. ‘अळगी’ चित्रपटातील गीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ते गीत तमिळ होते. त्यांची मायबोली मराठी.